चार भोकांचं ऑपरेशन

दिवाळी अंकासाठी काहीतरी हसतखेळत लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईकडे गमतीजमती भरपूर असणार, असा संपादकांचा समज. गमती आहेतही. पण लिहायला बसलं की मला राग येतो आणि राग आला की माझं अक्षर बिघडतं. ज्यांना हे अक्षर लावत बसावं लागेल त्यांची मी आधीच माफी मागते.

माझं नाव रझिया. वडील बीडच्या मंडईत फळं विकायचे. त्यांनी मला मराठी शाळेत घातलं, पुढे नर्सिंगला पाठवलं, आणि त्याबद्दल नातेवाइकांचं बरंच ऐकून घेतलं. पेशंट मला पहिल्या दिवशी सिस्टर म्हणायचे आणि दुसऱ्या दिवसापासून आपा. वेगवेगळ्या खासगी दवाखान्यांत काम करून शेवटची बारा वर्षं मी बीडमधल्या एका सर्जिकल हॉस्पिटलात वॉर्डाची इनचार्ज होते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे घडलं ते इतर कुठेही घडू शकतं, आणि घडतं.

आमच्या हॉस्पिटलच्या दारावर मोठा बोर्ड होता. दुर्बिणीद्वारे ऑपरेशन, आज दाखल, उद्या घरी. त्याखाली हसणाऱ्या बाईचा फोटो, कडेवर मूल. ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण तिचं पोटाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं एवढं मी छातीठोक सांगते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कुणी मूल कडेवर घेत नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी पित्ताची पिशवी काढायची तर वीतभर चिरायचे. आता बेंबीजवळ आणि वरच्या बाजूला मिळून चार छोटी छिद्रं पाडतात. पोटात वायू भरून ते फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. डॉक्टर टीव्हीच्या पडद्यावर बघत काम करतात. बाहेरून दिसतात फक्त चार पट्ट्या. पण आत? आत यकृताला चिकटलेली पिशवी सोलूनच काढावी लागते, तिची नळी क्लिप लावून बंद करावीच लागते. आतली जखम आतच असते, ती दिसत नाही इतकंच. आणि जे दिसत नाही ते आपल्याकडे कुणी मोजत नाही, विशेषतः ते बाईच्या पोटात असेल तर.

"चार भोकं तर हायेत." हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. नवऱ्यांच्या, सासवांच्या, खुद्द बायकांच्या आणि सांगायला लाज वाटते, आमच्या डॉक्टरांच्याही. सर राउंडला आले की पेशंटच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणायचे, "काही नाही बाई, चार भोकं आहेत. चार दिवसांत कामाला लागा." पेशंटला धीर यावा म्हणून म्हणायचे. हात त्यांचा फार चांगला होता, माणूसही वाईट नव्हता. पण डॉक्टर जे सहज बोलतो ते गावाकडे नियम होऊन जातं. ते वाक्य एसटीत बसून चकलांब्याला, वडवणीला जायचं आणि तिथे घराघरांत हुकूम होऊन बसायचं.

सर गेले की मी खाटेखाटेशी जाऊन त्यांचं वाक्य पुसायचे. संध्याकाळीच उठून चाला, पडून राहू नका. खोकला आला तर उशी पोटाशी धरा. पातळ, साधं खा. महिनाभर हंडा, पोतं, लेकरू, काही उचलू नका. जखमेला हळद, राख, तेल लावू नका. हे शेवटचं कितीही सांगितलं तरी दर महिन्याला एक तरी बेंबी हळदीने माखून परत यायची. एका आजीने तर नातीच्या बेंबीत तंबाखूची राख भरली होती आणि वर मलाच विचारलं, "तुमी न्हाई का लावत? कावून?"

उलट्या तऱ्हेचे लोकही असायचे. एका शिक्षकांच्या बायकोचं अपेंडिक्स निघालं. नवरा इतका काळजीवाहू की तो तिला कूसही बदलू देईना. ताटावरून खाटेवर, खाटेवरून ताटावर. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कफ साचला आणि पोटरी सुजली. सरांनी तपासून औषध सुरू केलं, आणि मग मी त्या गुरुजींना वॉर्डाबाहेर काढून बाईंना हाताला धरून गॅलरीत फिरवलं. गुरुजी जाळीतून बघत होते, मी त्यांच्या बायकोला पळवून नेतेय असा चेहरा करून.

आणि मांजरसुंब्याचे नवनाथशेठ. त्यांचा हायवेवर ढाबा होता, माणूस दोन माणसांएवढा. पित्ताची पिशवी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. उजवा खांदा धरून बसले होते, घामाने ओले.

"आपा, पोटाचं आपरेशन केलं आन् खांदा गेला. हार्ट हाय हे. पोरांला बोलवा. समद्यांला बोलवा."

मी नाडी बघितली, बीपी बघितलं, ईसीजी काढला, सरांना दाखवला. सगळं ठीक होतं. मग त्यांच्या खाटेवर बसून समजावलं की पोटात भरलेला वायू पूर्ण निघत नाही, थोडा वर, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली साचतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याला दुखवते. दोन-तीन दिवसांत तो आपोआप जिरतो. चाला, म्हणजे लवकर जिरेल.

शेठ माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "पोटातला ग्यास खांद्यात?"

"हो."

"आमच्या ढाब्यावर येऊन असं कुणी सांगितलं तर आमी त्याला चहा फुकट देऊ."

हा खांद्याचा प्रश्न मला रोज यायचा. रोज मी तेच उत्तर द्यायचे. पुढे पुढे पेशंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. नव्या मुलींना मी सांगायचे, खांदा म्हणाला की गॅस म्हणायचं, घाबरवायचं नाही.

आता सविताची गोष्ट सांगते. खरं तर तेवढीच सांगायची होती.

सविता चकलांब्याची, पस्तिशीची, दोन मुलांची आई. वर्षभर जेवलं की उजव्या बरगडीखाली दुखायचं. गावात पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या, मग सोनोग्राफीत खडे निघाले. बरोबर नवरा दत्ता आणि सासू गयाबाई. गयाबाई उंच, काळ्या, मोजकं बोलणाऱ्या. वॉर्डात आल्या आल्या त्यांनी खाटेवरची चादर उलटी करून बघितली आणि मला म्हणाल्या, "दुसरी टाका." मला त्या तेव्हाच आवडल्या नाहीत.

सोमवारी ऑपरेशन झालं. सरळ झालं, काही अडचण नाही. मंगळवारी सविता चालली, चहा प्यायली, आणि बुधवारी सकाळी तिला घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत छापलेल्या पंधरा ओळी होत्या. मी त्या मराठीत सांगितल्या, पण घाईत. त्या सकाळी सहा डिस्चार्ज होते आणि खालून रिसेप्शनवरून सारखी विचारणा चालू होती की खाटा कधी मोकळ्या होतात. मी नेहमी एक गोष्ट शेवटी सांगायचे. रोज कालच्यापेक्षा बरं वाटलं पाहिजे. ज्या दिवशी कालच्यापेक्षा वाईट वाटेल, त्या दिवशी कुणाला विचारत बसू नका, परत या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ही गोष्ट मी सविताला सांगितली की नाही, हे मला आठवत नाही. मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे.

शनिवारी दुपारी वॉर्डातला फोन वाजला. मीच घेतला. पलीकडे गयाबाई.

"सूनबाईचा खांदा दुखायलाय. पोट बी दुखतंय म्हणती."

मी म्हटलं, "आजी, गॅस हाय तो. पोटात वायू भरतेत, तो वर चढतो. दोन दिवसांत जाईल. चालायला सांगा."

"अंग बी जरा..."

चार नंबरच्या खाटेवरची सलाइन संपल्याची हाक आली. मी म्हणाले, "घाबरू नका आजी, समद्यांला होतं," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. गॅसचा खांदा पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखतो आणि उतरत जातो. पाचव्या दिवशी नव्याने दुखायला लागलेला खांदा गॅसचा नसतो. हे मला माहीत होतं. मी विचारलंच नाही की ऑपरेशन कधी झालं.

सोमवारी सकाळी दत्ता सविताला जीपमधून घेऊन आला. तिला दोघांनी उचलून आणलं. पोट नगाऱ्यासारखं टणक, डोळे पिवळे, जीभ कोरडी, नाडी मोजता येईना इतकी जोरात. हात लावला तर अंग भाजत होतं. गयाबाई मागून आल्या, हातात पिशवी, पायात चप्पल नव्हती.

सोनोग्राफी केली तर पोटभर पाणी. सुई घालून बघितलं तर हिरवंपिवळं पित्त. पिशवीच्या नळीची क्लिप सैल होऊन पित्त पोटात गळत होतं. सरांनी तिथल्या तिथे नळी घालून ते बाहेर काढायला सुरुवात केली, अँटिबायोटिक सुरू केली. पण गळती बंद करायला तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत बारीक नळी बसवावी लागते. ती सोय बीडला नव्हती, संभाजीनगरला होती. सरांनी लगेच तिथे फोन केला, अॅम्ब्युलन्स बोलावली. इथवर त्यांनी केलं ते सगळं बरोबर आणि वेळेवर केलं. क्लिप सुटणं क्वचित होतं, चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातून होतं. त्याचा राग मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

राग पुढच्याचा आहे.

अॅम्ब्युलन्स यायची होती. सर बाहेर गॅलरीत आले. दत्ताने विचारलं, "सर, असं कसं काय झालं?"

सर म्हणाले, "घरी गेल्यावर वजन उचललं का तिने काही?"

दत्ताने आईकडे बघितलं. गयाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी कळशी आणली तिनं. हापशावरून. एकच."

"मग झालं," सर म्हणाले. "पोटाचं ऑपरेशन आहे. वजन उचलल्यावर आतली क्लिप राहील का जागेवर?"

मी तिथेच उभी होते, हातात सविताची फाइल. कळशी उचलल्याने नळीवरची क्लिप सुटत नाही. टाक्यांना ताण बसेल, पुढे हर्निया होईल, दुखेल. म्हणून नको म्हणायचं. पण पित्त गळायला लागतं ते कळशीमुळे नाही, आणि हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनीच तिला सांगितलं होतं, चार दिवसांत कामाला लागा. ती चौथ्या दिवशी लागली.

दत्ता आईला म्हणाला, "तुला सांगितलं हुतं मी. तिला काय करू देऊ नको म्हणून. एक कळशी तुला आणता आली न्हाई?"

गयाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मी काही बोलले नाही. कुणाला वाटेल मी सरांना घाबरले. थोडी घाबरलेही. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोष कळशीवर गेला, म्हणजे फोनवर आला नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

अॅम्ब्युलन्स आली. सविताला चढवलं. गयाबाई मागच्या दारातून चढायला लागल्या तर दत्ता म्हणाला, "तू नको येऊ." आणि दार ओढून घेतलं.

अॅम्ब्युलन्स फाटकातून बाहेर गेली. गयाबाई पोर्चच्या पायरीवर बसल्या. अनवाणी पाय फरशीवर एकमेकांशेजारी ठेवून. मी वर गेले, एका पेशंटचं ड्रेसिंग केलं, दुसऱ्याची सलाइन बदलली, पुन्हा खिडकीतून बघितलं. त्या तिथेच होत्या. तासाभराने खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी बसले.

मी म्हटलं, "आजी, कळशीनं न्हाई झालं ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आतली क्लिप सुटली. ती कुणाचीबी सुटू शकती, नुसतं पडून राहिलं तरी. तुमची चूक न्हाई. चूक झाली ती शनिवारी. तुमचा फोन मी घेतला हुता. तुमी सांगत हुत्या ते मी ऐकून घेतलं न्हाई. त्याच दिवशी आणलं असतं तर एवढं इख पोटात भरलं नसतं."

आता त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "तुमीच हुत्या व्हय त्या? आवाज वळखीचा वाटलाच हुता." आणि थोड्या वेळाने, "मी सांगत हुते की अंग कढत लागायलंय. तुमी ठिवून दिला."

"हो."

"मला वाटलं, दवाखान्यातल्या बाया हायेत, त्यांला कळत आसंल. म्हणून मी बी गप बसले. ती दोन दिवस कण्हत हुती, आन् मी तिला चाल म्हणून उठवत हुते. तुमी सांगितलं हुतं, चालायला सांगा."

हे मला माहीत नव्हतं. तापाने फणफणलेल्या, पोटात पित्त साचलेल्या बाईला त्या माऊलीने माझं ऐकून दोन दिवस अंगणात चालवलं होतं.

मग गयाबाईंनी मला सरळ विचारलं, "हे माझ्या लेकाला सांगताल का?"

मी वर गेले. सविताच्या केसपेपरवर शनिवारचा फोन लिहिला. किती वाजता आला, कोण बोललं, काय तक्रार सांगितली, मी काय उत्तर दिलं, काय विचारलं नाही. खाली सही केली. सर समोरच होते. त्यांनी वाचलं.

"आपा, कागदावर घ्यायची काय गरज होती? मी निस्तरतोय ना सगळं."

मी म्हटलं, "सर, तुमी त्या म्हातारीला कळशी चिकटवली. मला ती काढायचीय."

सर लाल झाले. माझ्या बारा वर्षांत ते माझ्यावर एकदाच ओरडले, ते तेव्हा. हॉस्पिटलचं नाव, वकील, उद्या कुणी केस केली तर, असं बरंच काही. मी उभी राहून ऐकलं, ऐकून झाल्यावर दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी दिली नाही. मी तरी गेले.

गयाबाई त्या रात्री आमच्याच घरी राहिल्या. माझ्या सुनेने त्यांना चपला दिल्या. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी संभाजीनगरला निघालो. गेवराईच्या स्टँडवर मी पेरू घेतले, त्यांनी एक घेतला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर दत्ता जमिनीवर बसला होता. सविताच्या पित्ताच्या नळीत बारीक नळी बसवली होती, पण ताप उतरला नव्हता, अजून चोवीस तास काही सांगता येत नव्हतं. आईला बघून तो उठला आणि तोंड फिरवलं.

मी त्याला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, पोरासोरांच्या गर्दीत. तो पुढे सरकला तेव्हा मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर मी काय म्हणणार होते?

तो म्हणाला, "आन् तुमी काल कावून बोलल्या न्हाईत? मी आईला दारातून उतरवलं तवा तुमी तिथंच हुत्या की."

"हो. तिथंच होते."

"माझी बायको मेली तर मी तुमाला सोडणार न्हाई, आपा."

"बरं," मी म्हणाले.

मग तो आईजवळ गेला. माफी वगैरे काही मागितली नाही, आमच्याकडे मुलगे आईची माफी मागत नाहीत. तो नुसता तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "काय खाल्लं का?" गयाबाईंनी हातातला पेरू त्याला दिला.

सविता वाचली. ताप चौथ्या दिवशी उतरला, पंधराव्या दिवशी ती घरी गेली. घरी जाताना पोटातल्या नळीला पित्त गोळा करायची पिशवी लावलेली होती, ती पुढे निघाली. दीड महिन्याने तपासायला आमच्याकडे आली तेव्हा निम्मी झाली होती. सर तिच्याशी फार प्रेमाने बोलले, तपासणीचे पैसे घेतले नाहीत. मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी ते कळशीचं वाक्य मागे घेतील. घेतलं नाही. दत्तानेही विचारलं नाही. पुरुष आपसात अशा गोष्टी न बोलता मिटवतात, आणि त्यांना वाटतं मिटल्या.

मी सविताला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि तिची माफी मागितली. फोनबद्दल सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग ती जे म्हणाली, त्याने माझी झोप आजही मोडते.

"मला म्हाईत हाय आपा. मी बाजूलाच हुते की. आत्याबाई फोनवर बोलत हुत्या तवा मी खाटंवर पडलेली हुते, हातभर लांब. मला वाटत हुतं, फोन मला देतेल. मला सांगायचं हुतं की पोट फुगलंय, लघवी पिवळीजरद हुतीय, कालच्यापरीस आज जास्ती दुखायलंय. मला समदं सांगता येत हुतं. पण तुमी मला इचारलंच न्हाई. ना तुमी, ना त्यांनी, ना ह्यांनी."

चौतीस वर्षं मी फोन घेतले. पोटाच्या ऑपरेशननंतर घरी गेलेल्या बाईचा स्वतःचा आवाज मी फोनवर किती वेळा ऐकला असेल? बोटांवर मोजण्याइतका. नेहमी नवरा बोलायचा, सासू बोलायची, भाऊ बोलायचा. तिचं पोट, तिचा ताप, तिची कळ, आणि बोलणारा भलताच. आणि मी त्या भलत्याला उत्तर द्यायचे. आम्ही सगळे मिळून तिच्या पोटाबद्दल ठरवायचो आणि ती तिथेच हातभर अंतरावर पडलेली असायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पेशंटला विचारा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

त्यानंतर मी वॉर्डातल्या फोनपाशी एक वही बांधली. फोन कोण करतंय, ऑपरेशनचा कितवा दिवस, ताप आहे का, पोट फुगलंय का, उलटी, लघवीचा रंग, डोळ्यांचा रंग, श्वास, पोटरी, जखमेतून काही येतंय का, कालच्यापेक्षा बरं की वाईट. आणि सगळ्यांत वर, लाल पेनाने, पेशंट स्वतः बोलला का. ते 'नाही' असेल तर फोन संपला असं धरायचं नाही. डिस्चार्जचा कागद मी मराठीत लिहून काढला आणि छापून घेतला. सर दोन आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मग एक दिवस म्हणाले, "ती वही बरी आहे." बोर्ड मात्र त्यांनी बदलला नाही. आज दाखल, उद्या घरी. मी निवृत्त झाले तेव्हाही ती बाई तिथे मूल कडेवर घेऊन हसत होती.

लोक म्हणतात, आपा, दुर्बिणीच्या ऑपरेशनने किती सोय झाली. झालीच. मी दोन्ही काळ बघितलेत. वीतभर चिरलेल्या पोटांचे हाल मी विसरलेले नाही, आणि उद्या माझ्या पित्तात खडे झाले तर मी दुर्बिणीचंच करून घेईन. माझं भांडण यंत्राशी नाही. जखम लहान झाली म्हणून बाईची विश्रांतीही लहान केली, ऐकून घेणंही लहान केलं, त्याच्याशी आहे.

माझा नंबर अजून पुष्कळांकडे आहे. मी कुणाला औषध सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. पण फोन घेते.

गेल्या महिन्यात वडवणीहून एकाचा फोन आला. पाहुण्यांनी नंबर दिला म्हणाला. बायकोचं गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, दुर्बिणीतून, आज सहावा दिवस. जरा पोटात दुखतंय म्हणते. काही विशेष नाही, चार भोकं तर आहेत.

मी म्हटलं, "त्यांना फोन द्या."

"ती काय सांगनार? मी सांगतो की तुमाला."

"दुखतंय कुणाला? तुमाला?"

"तसं न्हाई आपा, पण ती पडलीय जरा. डोळा लागलाय."

"उठवा," मी म्हणाले.

पलीकडे कुजबुज झाली. फोन कुणाच्या तरी पदरावर घासल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता श्वास. मी थांबले. मी काहीही विचारलं नाही, गॅस म्हणाले नाही, घाबरू नका म्हणाले नाही.

शेवटी बारीक आवाजात ती म्हणाली, "मी बोलू का?"

"बोला बाई," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांगा."

आणि ती बोलायला लागली.